भिंती रहिवाशाच्या, भूमी सावकाराची

स्वतःचे घर हे अमेरिकन भांडवलशाहीने आपल्या नागरिकांना दाखविलेले सर्वांत मोहक स्वप्न होय. ज्यांना रीतसर बांधलेले घर परवडत नाही, अशा कष्टकऱ्यांना तेथे कारखान्यात तयार झालेले घर विकले जाते. पोलादी सांगाड्यावर उभारलेले हे घर एक-दोन भागांत मालमोटारीने ओढून आणतात, आधारखांबांवर बसवितात आणि पाणी, वीज व सांडपाणी यांची जोडणी करून देतात. सुमारे २ कोटी अमेरिकन अशा घरांत राहतात. घर स्वस्त आहे, उपयुक्तही आहे. दोष घरात नाही. प्रश्न एवढाच, की ते ठेवावयाचे कोणाच्या जमिनीवर?

खरी मेख येथेच आहे. अनेक नगरांच्या नियमांनी या घरांना प्रतिष्ठित वस्त्यांत मज्जाव केला आहे. ज्याची जमीन घेण्याची ऐपत नाही, तो मग खाजगी मालकाच्या वसाहतीत जागेचा तुकडा भाड्याने घेतो. छप्पर त्याचे, हप्ते त्याचे. भूमी मात्र दुसऱ्याची. जमिनीपासून तुटलेल्या या घराला कायदा बहुधा स्थावर मालमत्ता मानीत नाही. मोटारीप्रमाणे त्यावर जंगम वस्तूचे कर्ज मिळते. व्याज अधिक, मुदत तोकडी. १९७६ साली अंमलात आलेल्या केंद्रीय मानकांनी घरातील तारा, नळ व आगीपासूनचे संरक्षण यांची कसोशीने काळजी वाहिली. घराखालच्या जमिनीवर रहिवाशाचा हक्क कोणता, याबद्दल मात्र ती मूक आहेत.

भाडे वाढले तर घर उचलून अन्यत्र न्यावे, असा साळसूद उपदेश मुक्त बाजाराचे भाट करतात. पण घर हलविण्यास हजारो डॉलर लागतात आणि जुने घर घ्यावयास कित्येक वसाहती तयार नसतात. खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ‘यी विरुद्ध एस्कॉन्डिडो’ खटल्यात नमूद केले, की अशा शंभर घरांपैकी जेमतेम एक पुन्हा हलते. ज्याला बाजार सोडून जाता येत नाही, तो ग्राहक नव्हे. तो वेठबिगार होय. मोठ्या भांडवलाने हे नेमके हेरले. २०१६ साली सिंगापूर सरकारच्या ‘जीआयसी’ या गुंतवणूक संस्थेने अशा वसाहती चालविणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला, तो काही गरिबांच्या निवाऱ्याचा कळवळा येऊन नव्हे.

गोव्याच्या मुंडकाराला ही व्यथा समजावून सांगावयास नको. भाटकाराच्या जमिनीवर घर असणे म्हणजे काय, हे त्याच्या पिढ्यांनी भोगले आहे. म्हणूनच १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला मनमानी हकालपट्टीपासून संरक्षण दिले आणि राहती जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. अमेरिकेतील भाटकार गावात न राहता भांडवल बाजारात राहतो, एवढाच फरक.

भाड्यावर नियंत्रण आणल्यास मालक वसाहतीच बंद करतील, अशी धमकी दिली जाते. मग मालकच कशाला हवा? १९८४ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मेरेडिथ येथे विक्रीस निघालेली वसाहत तेथील १३ कुटुंबांनी सहकारी तत्त्वावर स्वतःच विकत घेतली. आज अमेरिकेत रहिवाशांच्या मालकीच्या अशा शेकडो वसाहती आहेत. तेथे भाडे किती असावे, हे रहिवाशांची सभा ठरविते.

परंतु केवळ सद्भावनेवर सहकार उभा राहत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये वसाहत विकण्यापूर्वी रहिवाशांना ६० दिवसांची सूचना देण्याचे बंधन मालकावर आहे. तेवढ्या अवधीत कष्टकऱ्यांनी कोट्यधीश निधींशी बोली लावावी, ही अपेक्षा पुरेशी न्याय्य नाही. प्रथम खरेदीचा हक्क, त्यासाठी अल्प व्याजाचे सरकारी कर्ज आणि तोपर्यंत भाडेवाढीला लगाम, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. घर कारखान्यात स्वस्त करता येते. जमिनीवरील मक्तेदारी मात्र कोणताही कारखाना मोडू शकत नाही. ती संघटित रहिवाशांनी आणि कायद्यानेच मोडावी लागेल.