फेकायची घाई नको

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे आमचा संगणक इतका मंद झाला होता, की बटण दाबून चहा टाकावा, गाळून प्यावा, कप विसळून ठेवावा, आणि मग कुठे पडद्यावर काहीतरी दिसावं. "आता नवा घ्या" हे वाक्य या काळात सगळ्यांकडून ऐकलं. एका दुकानदाराने तर झाकण न उघडताच निकाल दिला, आणि वर जुन्याचे दीड हजार देतो म्हणाला.

माझं मत स्पष्ट आहे. जो झाकण उघडून पाहत नाही, त्याचा सल्ला घेऊ नये.

संगणक मंद का होतो, हे मला भाच्याने दाखवलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात आमचा प्रोसेसर चक्क निवांत बसलेला, आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के! म्हणजे डोकं शाबूत, कपाटातून कागद काढायलाच वेळ लागतोय. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या. त्यांच्यावरून एक बारीक दांडी मागेपुढे फिरते आणि हवी ती जागा शोधते. दर वेळी दहा-पंधरा सहस्रांश सेकंद जातात. ऐकायला किरकोळ, पण विंडोज १० सुरू होताना अशा हजारो फेऱ्या मारायला लावतं. त्यातच अपडेट, व्हायरसची तपासणी, फायलींची सूची, सगळी एकदम रांगेत. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच. तिला त्याच कामाला साधारण एक दशांश सहस्रांश सेकंद पुरतो.

भाच्याने जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवली, ती बसवली आणि रॅम ४ जीबीची ८ केली. (रॅम म्हणजे टेबल. टेबल भरलं की कागद पुन्हा कपाटात ठेवावे लागतात, आणि मग तेच रडगाणं.) आता अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. चहा नंतर, सावकाश.

फुकटचे उपाय आधी करावेत, हेही खरं. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपची यादी असते. आमच्याकडे कुठल्याशा प्रिंटरचा सेवक रोज सकाळी उठून बसत होता, तो प्रिंटर भंगारात जाऊन किती वर्षं झाली! अशांना रजा द्यावी. दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र नांदवू नयेत. आतल्या पंख्यावरची धूळ काढून घ्यावी, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मात्र "एका क्लिकमध्ये संगणक वेगवान" म्हणणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. ते आणखी एक ओझं. आणि "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचा संगणक मंद झालाय" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ती कंपनी असे आपणहून फोन करत नाही. आपल्या वयाच्या माणसांनाच गाठतात मेले.

माझा मुलगा म्हणतो, "आई, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता डागडुजी कशाला?" मुद्दा बरोबर आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. आमचा २०१४ चा, तो बसत नाही. पण त्यावर उपाय निघाला. भाच्याने त्याच एसएसडीवर लिनक्स मिंटही टाकून दिलं. फुकट आहे, मराठी टंकता येतं, आणि हे लिहिते आहे ते त्यातूनच. जुनं विंडोज आहे तसंच बाजूला ठेवलंय, पण त्याला इंटरनेट नाही.

ते ठेवलंय ह्यांच्यासाठी. निवृत्तीनंतर २००३ पासून ह्यांनी गावाबद्दलच्या नोंदी आयएसएममध्ये, सुरेख फाँटात टंकून ठेवल्या. देवस्थानचे मान, शेतांची नावं, कोणाची सून कुठल्या गावची... २१२ पानं. तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँट नेता येतो, मान्य, पण ह्यांच्या फायली त्या डिस्कवर कुठकुठे विखुरल्या होत्या हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काही तर "नवीन फोल्डर" नावाच्या फोल्डरात सापडल्या. दीड हजारात संगणक देऊन टाकला असता तर त्याही गेल्या असत्या.

आता रोज दुपारी एक-दोन पानं युनिकोडमध्ये आणते. रूपांतर करणारी सोय आहे, पण ती रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवते, म्हणून प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून पाहावी लागते. पेपर तपासल्यासारखंच. नव्वद पानं झाली.

एक्क्याण्णवाव्यावर अडले आहे. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात यायची, याबद्दल ह्यांनी दोन घरांची नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलंय. वरच्या वाडीतली मंडळी वाचत असाल तर घरातल्या जुन्या माणसांना विचारून कळवा.