झोपलो, उठलो, बरे झालो!

गॉब्लिन्सनी गिरणीवाल्याची आठ वर्षांची पोर पळवून नेलीय. गुहेच्या तोंडाशी एक चकमक उरकलीय. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज येतोय. आणि टेबलाच्या त्या टोकाला बसलेला तुमचा मित्र, म्हणजे पार्टीतला विझार्ड, शांतपणे म्हणतो, ‘माझे मंत्र संपले. लाँग रेस्ट घेऊ या.’ सगळे माना डोलावतात. आठ तास झोप. सकाळी सगळे ठणठणीत उठतात, आत शिरतात, पोर सुखरूप सापडते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत असाल तर हा प्रसंग तुम्हाला चांगलाच ओळखीचा असेल. (पोर सुखरूप का सापडते? कारण डंजन मास्टरला मित्रांचा रविवार नासवायचा नसतो.) खेळत नसाल तर एवढंच लक्षात घ्या : टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, एक जण सगळ्या जगाची जबाबदारी घेतो, आणि पुढे काय होणार ते अर्धं बोलण्यावर आणि अर्धं फाशांवर ठरतं.

बहुतेक टेबलांवर एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘आमच्याकडे रोलप्ले होतच नाही. सगळे नुसते मारामारी करतात.’ मग खेळणाऱ्यांना दोष दिला जातो. हा लाजतो, तिला अभिनय जमत नाही, तो सारखा मोबाइल बघतो. माझं म्हणणं असं, की माणसांना बोल लावण्याआधी विश्रांतीचा नियम एकदा नीट वाचा.

२०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत दोन प्रकारच्या विश्रांती आहेत. किमान तासाभराची शॉर्ट रेस्ट आणि आठ तासांची लाँग रेस्ट. लाँग रेस्ट संपली की सगळे हिट पॉइंट परत. काल संध्याकाळी ड्रॅगनच्या जबड्यातून अर्धमेला बाहेर आलेला माणूस आज सकाळी अंगावर ओरखडाही नसल्यासारखा चहा मागतो. आता सांगा, या माणसाने लंगडत चालायचं कशाला? घाबरायचं कशाला? नियमच सांगतोय की काल काही झालंच नाही. खेळणारा बिचारा नियमाचं ऐकतो.

पूर्वी असं नव्हतं. हा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला. पुढे आलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत नुसत्या विश्रांतीने दिवसाला एक हिट पॉइंट भरून यायचा. एक! जखमी झालात की गावातच मुक्काम. ‘ते दिवस भारी होते’ असं जुने खेळाडू सांगतात, पण त्यांचं सगळंच खरं मानू नका. तेव्हाही ‘तीन आठवडे गेले’ हे एका वाक्यात उरकता यायचंच. शिवाय जखमा भरणारा क्लेरिक कुणीतरी व्हायलाच लागायचं. ज्याच्या गळ्यात ते पडायचं त्याचा खेळ म्हणजे दवाखाना.

खरी गंमत वेगळीच आहे. विझार्डला आपले मंत्र परत मिळवायला मुख्यतः लाँग रेस्ट लागते. वॉरलॉकला शॉर्ट रेस्टमध्येच मिळतात. फायटरची तलवार तर दिवसभर चालते. म्हणजे ‘थांबायचं की पुढे जायचं’ या प्रश्नावर तिघांचे हितसंबंध वेगवेगळे. याहून नाट्यमय काय हवं? २०१४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकाने एका दिवसात मध्यम किंवा अवघड अशा साधारण सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या होत्या. आपल्या रविवारच्या तीन-चार तासांत होतात दोन. विझार्ड दोन चकमकींत सगळा दारूगोळा उडवतो आणि झोपायला मोकळा. फायटर झालेली मैत्रीण बघत राहते. आणि मग आपण म्हणतो, ती मोबाइल बघते!

पण तोच विझार्ड ‘माझे मंत्र संपले’ऐवजी म्हणाला, ‘माझे हात थरथरतायत. आता आत गेलो तर मी मरेन आणि तुम्हालाही घेऊन मरेन,’ तर? आता फायटरला उत्तर द्यावंच लागेल. आत पोर रडतेय.

नियम बदलताही येतो. त्याच २०१४ च्या पुस्तकात एक पर्याय दिलाय : शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. गुहेतली पोर सात दिवस थांबणार नाही, हे कुणालाही कळतं. २०१३ च्या ‘थर्टीन्थ एज’मध्ये तर झोपेचा संबंधच तोडलाय. साधारण चार लढाया झाल्या की पार्टी पूर्ण बरी होते. त्याआधीच थांबायचं असेल तर थांबा, पण कथेत काहीतरी गमवा.

यातलं काहीच नको असेल, तरी एक गोष्ट करा. लाँग रेस्टचा मूळ नियम पुन्हा वाचा. त्या आठ तासांत वाचणं, बोलणं, खाणं, पहारा देणं यांसाठी दोन तास दिलेत. बोलणं! नियमातच लिहिलंय आणि आपण ‘झोपलो, उठलो’ म्हणून ते गिळून टाकतो. पहाऱ्यावर कोण दोघं जागी आहेत? एल्फ तर झोपतच नाही, चार तास ध्यान लावते. उरलेल्या रात्री ती कुणाकडे बघत बसते? ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ च्या कॉम्प्युटर गेमने हे बरोबर हेरलं. तिथे सोबत्यांच्या मनातलं बरंच काही रात्री तळावरच बाहेर येतं. वेळ कमी आहे असं समजून झोप टाळणाऱ्या कितीतरी जणांची ती संभाषणं हुकली.

गिरणीवाल्याच्या पोरीची गोष्ट आमच्याही टेबलावर झाली. आम्हीही झोपलो. सकाळी गुहा रिकामी होती. आमचा विझार्ड उसळला, ‘आठ तास नियमात बसतात ना?’ डंजन मास्टर म्हणाली, ‘बसतात. पण गॉब्लिन्स झोपले नव्हते.’ मला विचाराल तर तिचं चुकलंच. आमच्याकडे असा हिशोब होणार, हे आधी सांगायला हवं होतं. दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही माग काढत जंगलात शिरलो. दोन चकमकी झाल्या, अंधार पडला, विझार्डचे मंत्र संपले. तो काही बोलेना. शेवटी फायटरने विचारलं, ‘काय रे, थांबायचं?’ त्याने डंजन मास्टरकडे पाहिलंही नाही. फायटरलाच म्हणाला, ‘तू सांग. मागच्या वेळी मी सांगितलं होतं.’