किंमत नंतर विचारा, दिवस आधी मोजा

फेस्टच्या स्टॉलवर दोन दिवसांत सगळी मिसळ संपते, गल्ला मोजला जातो आणि कुणीतरी म्हणतं, "यार, हे आपण कायमचंच सुरू करू या ना!" दरवर्षी प्रत्येक कॉलेजात असा एक तरी ग्रुप निघतो. माझगावसारख्या भागात तर ही कल्पना मुळीच वेडी वाटत नाही. डॉकयार्ड रोड स्टेशनची गर्दी, जीएसटी भवनाचा लंच टाइम, माझगाव डॉकचे कामगार, भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून राबणारी माणसं. खाणाऱ्यांना तोटा नाही. मग त्याच रात्री मोबाइलवर शोध सुरू होतो. चकचकीत स्टीलचं काउंटर, दोन बर्नर, सिंक, वर छत्री. नाव 'आउटडोअर किचन'. आणि पहिला प्रश्न, "केवढ्याला?"

आमचं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न 'कुठे लावणार?' आणि दुसरा 'वर्षाचे किती दिवस चालवणार?' या दोघांची उत्तरं नसताना दिलेला बयाणा म्हणजे आईच्या भिशीचे किंवा बाबांच्या पीएफचे पैसे अंधारात फेकणं. हे पैसे तुमच्या स्टार्टअपसाठी साठवलेले नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

आधी जागा. फुटपाथवर लावू, बघू पुढचं पुढे, असं म्हणत असाल तर थांबा. मुंबईतल्या फेरीवाल्यांसंबंधीच्या 2003 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर अन्न शिजवायला मनाई केली होती. पुढे 2014 मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा आला. पण त्याचा आधार घ्यायचा तर विक्रीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते कॉलेजच्या ओळखपत्रासारखं काउंटरवर मिळत नाही. पालिकेची गाडी आली तर काउंटर, सिलिंडर, कढई सगळं उचललं जातं. म्हणजे तुमच्यासाठी खरे पर्याय उरतात ते खासगी जागेचे: सोसायटीचं आवार, कुणाच्या दुकानाचा ओटा, मंडळाच्या कार्यक्रमातला स्टॉल, लग्न-बारशाच्या ऑर्डरी. तिथेही मालकाची लेखी परवानगी घ्या आणि एफएसएसएआयची नोंदणी करा.

आता दिवस. किचन मिळवायचे मार्ग चार. शोरूममधून किंवा ऑनलाइन रेडीमेड घ्या. फॅब्रिकेटरकडून हवं तसं बनवून घ्या. बंद पडलेल्या हॉटेलचं सेकंड हँड घ्या. नाहीतर केटररकडून किंवा मंडप डेकोरेटरकडून भाड्याने आणा. खालचे आकडे हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुम्ही तुमच्या कोटेशनचे आकडे घाला.

समजा, रेडीमेड काउंटर टेम्पो-हमालीसकट 63 हजारांना पडलं आणि दोन वर्षांनी 25 हजारांना विकलं गेलं. निव्वळ खर्च 38 हजार. बनवून घेतलेलं 46 हजारांचं. ते तुमच्या मापाचं असल्याने विकताना 16 हजारच आले. निव्वळ 30 हजार. सेकंड हँड 24 हजारांचं, त्यावर दोन वर्षांत 14 हजारांची दुरुस्ती, विकून 14 हजार आले. निव्वळ 24 हजार. भाड्याने घेतलं तर दिवसाला 1,200 आणि टेम्पोचे 500, मिळून 1,700 रुपये.

इथे बहुतेक जण एक खर्च विसरतात. सहा फुटी काउंटर रात्री ठेवणार कुठे? चाळीच्या गॅलरीत शेजारच्या काकू एक दिवस चालवून घेतील, दोन वर्षं नाही. समजा, ठेवायच्या जागेचे महिन्याला 1,500 रुपये गेले. दोन वर्षांचे झाले 36 हजार. आता एकूण खर्च रेडीमेडचा 74 हजार, बनवून घेतलेल्याचा 66 हजार आणि सेकंड हँडचा 60 हजार. बघा, सेकंड हँडच्या बाबतीत नुसतं ठेवणं हे खुद्द वस्तूपेक्षा महाग पडलं!

हे किचन तुम्ही वर्षातून 12 दिवस, म्हणजे दोन वर्षांत 24 दिवस वापरलं, तर दिवसाला रेडीमेड 3,083 रुपयांना पडतं, बनवून घेतलेलं 2,750 ला, सेकंड हँड 2,500 ला आणि भाड्याचं 1,700 ला. इथे भाडं सरळसरळ जिंकतं. पण वर्षाला 250 दिवस चालवलं, तर हेच आकडे अनुक्रमे 148, 132 आणि 120 होतात. भाडं मात्र 1,700 वरच राहतं. या हिशेबात दोन वर्षांत चाळीसेक दिवस ही सीमारेषा आहे. त्याखाली भाडं, त्यावर खरेदी.

आणखी एक गोष्ट लक्षात आली का? रोज धंदा करणाऱ्यासाठी खरेदीच्या तीन मार्गांत फरक आहे दिवसाला फक्त 28 रुपयांचा. एक-दोन वडापावांचे पैसे. तेव्हा रोज चालवायचं पक्कं असेल तर स्वस्तासाठी झुरू नका, टिकाऊ काय ते बघा. बर्नर बंद पडून एक दिवस बुडाला तरी महिन्याभराची ही बचत गेली.

टिकाऊपणा ओळखायचा कसा? माझगाव बंदराला लागून आहे. खाऱ्या हवेत स्टीलसुद्धा डागाळतं. 304 ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त. ते स्वस्त असतं आणि लवकर गंजतं. "लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे 304" असं दुकानदार सांगेल. 202 लाही तो सहसा चिकटत नाही. केमिकलचा थेंब टाकून मँगनीज ओळखायची साधी चाचणी असते, ती समोर करून मागा आणि पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घ्या. जाडी वजनावरून कळते. सहा बाय दोन फुटांचा 1.2 मिलिमीटरचा पत्रा साडेदहा किलोच्या आसपास भरतो, 0.8 चा सातच किलो. पत्रा वेल्डिंगला जाण्याआधी वजनकाट्यावर ठेवायला सांगा. खालचा सांगाडा लोखंडी अँगलचा चालत असेल तर दारूखान्यात जुनं लोखंड वजनावर मिळतं, तेवढाच खर्च कमी होईल. बर्नर, रेग्युलेटर आणि गॅसची नळी मात्र नवीनच घ्या. आणि धंद्याला 19 किलोचा कमर्शियल सिलिंडर लागतो. घरातला 14.2 किलोचा वापरणं बेकायदा आहे. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

राहिला ईएमआय. "फक्त 12 टक्के फ्लॅट" हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. 60 हजारांवर 24 महिन्यांचं व्याज 14,400, म्हणजे हप्ता 3,100. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागतं, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. पथविक्रेत्यांसाठी 2020 पासून पीएम स्वनिधी ही कर्जयोजना आहे, पण तीही विक्रेता असल्याचा कागद मागते.

तेव्हा धंदा करू नका, असं आम्ही अजिबात सांगत नाही. उलट करा, पण टप्प्याने. पहिले दहा दिवस भाड्याच्या काउंटरवर काढा. रोज किती प्लेट गेल्या, किती माल फेकावा लागला, परीक्षेच्या आठवड्यात ग्रुपमधलं कोण आलं नाही, हे वहीत लिहा. दहा दिवसांचं भाडं आपल्या हिशेबाने 17 हजार होतं. रक्कम छोटी नाही. पण गल्लीतल्या जिन्याखाली ताडपत्री ओढून पडलेल्या 63 हजारांच्या काउंटरपेक्षा ती नक्कीच छोटी आहे. वही बघून आकडे जुळले, तर मग फॅब्रिकेटरकडे जा. तोवर तुम्हाला काउंटर किती फुटी हवं, बर्नर दोन हवेत की तीन, हेही कळलेलं असेल.