चोराचे खातेही बँकेतच असते

'केवायसी अपुरे आहे, आज खाते बंद होईल,' असे बँकेच्या नावाने फोनवर बजावले जाते. घाबरलेला खातेदार मागितलेला अंक सांगून टाकतो आणि दोन मिनिटांत आयुष्याची बचत नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी शाखेत त्याचे स्वागत एकाच प्रश्नाने होते : 'तुम्ही ओटीपी दिलातच कशाला?' चोरी त्याच्या घरी झाली आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही तोच! सावधगिरी हवी, याविषयी वाद नाही. परंतु सावधगिरीचा उपदेश म्हणजे संरक्षण नव्हे. उपदेशाच्या आडून बँका आपली जबाबदारी झटकीत आहेत, हा आमचा आक्षेप आहे.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते बँकेचे दार शेतकऱ्याला आणि छोट्या कारागिराला उघडावे म्हणून. २०१४ पासून जनधन योजनेने कोट्यवधी गरिबांची खाती उघडली. आज त्याच दाराशी आलेल्या माणसाला 'मोबाईलवरून करा' म्हणून परत पाठविले जाते. पूर्वी काउंटरवरचा कारकून सही ताडून पाहत असे. खोट्या सहीचा धनादेश वटविला तर तोटा बँकेचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कॅनरा बँकेच्या खटल्यात उचलून धरले होते. आता सही गेली, अंक आले. कारकुनाचे काम खातेदाराच्या गळ्यात पडले आणि त्याबरोबर तोटाही. खर्चातील बचत बँकेची आणि जोखीम ग्राहकाची, अशी ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली?

ग्राहक अडाणी असतो म्हणून फसतो, हा युक्तिवाद तर हास्यास्पद आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि सुमारे ९४ कोटी रुपये घेऊन गेले; अठ्ठावीस देशांतील एटीएममधून रकमा काढल्या गेल्या. बँकेपाशी तज्ज्ञ होते, यंत्रे होती, तरी ती फसली. मग अशाच चोरांशी एकट्याने झुंजून निवृत्त शिक्षिकेने अथवा गिरणी कामगाराच्या विधवेने जिंकावे, ही अपेक्षा कशी धरता येईल?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक चांगले परिपत्रक काढले. बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर काहीच भार नाही; आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर, असे त्यात म्हटले होते. मात्र ग्राहकाने गुप्त अंक सांगितला असेल तर तक्रार नोंदवीपर्यंतचा सगळा तोटा त्याचा, अशी मेखही मारून ठेवली. फसवून काढून घेतलेला अंक आणि बेफिकिरीने वाटलेला अंक यांतला भेद पुसला गेला आणि बँकांनी तीच मेख घट्ट धरली. ज्यांना लढणे परवडले त्यांना न्याय मिळाला : जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची याचिका फेटाळली आणि २०२१ साली गेलेले ९४ हजार रुपये ग्राहकाला देणे तिला भाग पडले. ९४ हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती खातेदार पोहोचतील?

खरा प्रश्न तर विचारलाच जात नाही. चोरलेले पैसे हवेत विरत नाहीत. ते दुसऱ्या कोणत्या तरी बँकेतील खात्यात जमा होतात. ते भाड्याचे खाते कोणी उघडले? कागदपत्रे कोणी तपासली? कालपर्यंत रिकाम्या असलेल्या खात्यात लाखो रुपये आले आणि तासाभरात निघून गेले, तेव्हा पहारेकरी कोठे होता? विधवेच्या पेन्शनसाठी 'केवायसी'चे दहा हेलपाटे घालावयास लावणारी व्यवस्था चोरासाठी इतकी उदार कशी होते?

ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम केला : फसवणुकीला बळी पडून खातेदाराने स्वतः पैसे पाठविले तरी ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी करावयाची. निम्मा भार पाठविणाऱ्या बँकेवर, निम्मा चोराचे खाते सांभाळणाऱ्या बँकेवर. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा वा संगनमत सिद्ध झाले तरच सूट. लंडन हे वित्तभांडवलाचे माहेरघर. तेथे हे होऊ शकते, तर राष्ट्रीयीकृत बँकांच्या देशात का नाही? भरपाईने ग्राहक बेफिकीर होतील, असे बँका म्हणतील. स्वतःला लुटून घेण्याची हौस कोणाला असते? उलट खिशाला झळ लागली की बँकांनाच चोरांची खाती दिसू लागतील.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी : भरपाईचा असाच कायदा, त्यात दोन्ही बँकांचा वाटा आणि प्रत्येक शाखेत तक्रार घेणारा जबाबदार माणूस. तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत हे काम हाती घ्यावे. फसलेल्याला लाजेने घरी बसू देऊ नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, तीन दिवसांच्या आत बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, महिनाभरात दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीही या लढ्यात खातेदारांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. एकेकट्या खातेदाराला बँक दटावते. शंभर खातेदार एकत्र दाराशी उभे राहिले की तिला उत्तर द्यावेच लागते.