स्पेलिंग घोकायचं नसतं, शोधायचं असतं

चुकलेलं स्पेलिंग दहा वेळा लिहून आणायला सांगायची पद्धत आता मराठी शाळांनी सोडून द्यावी. सांगोला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, तिथूनच निवृत्त झाले. अशा वह्यांचे गठ्ठे मी तपासले आहेत. पहिल्या ओळीत शब्द बरोबर असतो, चौथ्या ओळीत त्यातलं एक अक्षर गळतं आणि तिथून खाली दहाव्या ओळीपर्यंत तो तसाच चुकीचा उतरत जातो. मूल शब्द बघतच नाही, वरची ओळ बघून खालची भरतं. शाई संपते, शब्द येत नाही.

त्याऐवजी मुलांना अक्षरं द्यावीत आणि ती ज्यात येतात असे लांबात लांब शब्द शोधायला लावावेत. फळ्यावर तीन-चार अक्षरं लिहायची. ती त्याच क्रमाने, सलग ज्यात आली आहेत असे शब्द मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकातून, भूगोलातून, शब्दकोशातून, औषधाच्या खोक्यावरून, कुठूनही हुडकून आणायचे. शब्दात जितकी अक्षरं तितके गुण. इंग्लंडमध्ये 'काउंटडाउन' नावाचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम १९८२ पासून याच आवडीवर चालला आहे. तिथे नऊ अक्षरं मिळतात आणि त्यांतून लांबात लांब शब्द जुळवायला तीस सेकंद.

माझे नियम दोनच. पहिला, शेवटी नुसता 'एस' लावून शब्द लांबवला तर त्या अक्षराचा गुण नाही. स्क्रॅबल हा खेळ तयार करणारे आल्फ्रेड बट्स हे न्यूयॉर्कचे वास्तुविशारद. मंदीच्या काळात त्यांची नोकरी गेली होती. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजून ठरवलं. इंग्रजीत 'एस' सारखा येतो, तरी शंभर सोंगट्यांत त्यांनी तो चारच वेळा ठेवला. अनेकवचनं करून खेळ सोपा होऊ नये, हा हेतू. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. ज्याने शब्द आणला त्याला अर्थ सांगता आला पाहिजे, नाहीतर गुण शून्य.

आठवीच्या सेमी-इंग्रजी वर्गाचं उदाहरण देते. फळ्यावर एच, वाय, डी, आर ही चार अक्षरं. 'हायड्रोजन' लगेच येतो, आठ गुण. मग कुणाला 'डिहायड्रेशन' आठवतं. उन्हाळ्यात घरातल्या कुणाला तरी सलाईन लावलेलं असतं, डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द ऐकलेला असतो. अकरा गुण. विज्ञानाच्या पुस्तकातून 'कार्बोहायड्रेट' निघतो, बारा. भूगोलात कोयना शिकलेलं मूल 'हायड्रोइलेक्ट्रिक' घेऊन येतं, तेरा. चारही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहायचे आणि विचारायचं, या सगळ्यांत कोणती गोष्ट आहे? वर्ग थोडा वेळ गप्प बसतो आणि मग एकदम ओरडतो, "बाई, पाणी!" हायड्रोजन जळला की पाणी तयार होतं. डिहायड्रेशनमध्ये अंगातलं पाणी कमी होतं. कोयनेला पाण्यावर वीज होते. राहता राहिला कार्बोहायड्रेट. त्याचं मराठी नाव कर्बोदक. ते फोडलं की कर्ब आणि उदक. ग्लुकोजमध्ये हायड्रोजनचे अणू ऑक्सिजनच्या दुप्पट असतात, पाण्यात असतात तसेच. स्पेलिंगच्या तासाला निघालेलं मूल रसायनशास्त्रापर्यंत पोचतं आणि 'वाय'च्या जागी 'आय' लिहायची चूक त्याच्या हातून सहसा होत नाही, कारण ती चार अक्षरं म्हणजे पाणी हे त्याला कळलेलं असतं.

आपल्या मुलांची सगळ्यात जास्त चूक होते ती जोड-अक्षरांत. दोन 'एल' की एक? दोन 'आर' की एक? इथे पाठांतर अगदीच कुचकामी ठरतं. एकच अक्षर सलग दोनदा आलेले लांब शब्द शोधायला लावा, मग सांधा कुठे आहे ते मुलांना दिसतं. 'रूममेट'मध्ये दोन 'एम' का? एक रूमचा, एक मेटचा. 'मिसस्पेल'मध्ये दोन 'एस' का? एक मिसचा, एक स्पेलचा. 'बुककीपर'मध्ये दोन ओ, दोन के, दोन ई अशा तीन जोड्या लागोपाठ येतात. शब्द भयंकर वाटतो, पण बुक आणि कीपर असे दोन तुकडे केले की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही उरत नाही.

'इल्लीगल', 'इररेग्युलर', 'इम्मॉर्टल' हे याच्या पुढचे. मूळ उपसर्ग 'इन', म्हणजे नकार. पुढे 'एल' आला की त्यातला 'एन' स्वतः 'एल' होतो, पुढे 'आर' आला की 'आर', 'एम' आला की 'एम'. हे मराठी माध्यमाच्या मुलाला नवीन वाटायला नको. सत् आणि जन मिळून सज्जन होतं, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, हे तो व्यंजनसंधीत शिकतो. सज्जनमध्ये दोन ज का आहेत हे ज्याला कळलं, त्याला 'इल्लीगल'मधले दोन 'एल' वेगळे पाठ करावे लागत नाहीत. 'इररिस्पॉन्सिबिलिटी' हा सोळा अक्षरांचा शब्द बघून मुलं घाबरतात. त्याच्या शेजारी मी 'बेजबाबदारपणा' लिहीत असे. पुढे नकार, मध्ये जबाबदार, शेवटी पणा. बांधणी तीच. आपलं मूल इंग्रजीच्या तासाला रिकाम्या हाताने येतं असं आपणच धरून चालतो. उपसर्ग, प्रत्यय, समास, संधी एवढी हत्यारं मराठीच्या तासाने त्याला दिलेली असतात. ती इंग्रजीला चालतात, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते. अमेरिकेतल्या स्पेलिंग स्पर्धा आपली भारतीय वंशाची मुलं पाठांतराच्याच जोरावर जिंकतात ना? १९८५ मध्ये बालू नटराजन जिंकले आणि तेव्हापासून तिथल्या विजेत्यांत भारतीय नावं वाढतच गेली, हे खरं आहे. पण स्पर्धक काय विचारतात ते ऐका. शब्दाचा अर्थ काय, तो कोणत्या भाषेतून आला, वाक्यात कसा येतो, हे विचारायची त्यांना मुभा असते. शब्द ग्रीक आहे असं कळलं की 'फ'साठी 'पीएच' आणि 'क'साठी 'सीएच' येण्याची शक्यता मुलाच्या ध्यानात येते. मेहनत प्रचंड आहेच, पण तिला मुळांचा आधार आहे.

निव्वळ पाठांतराची ताकद बघायची असेल तर न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स बघा. फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, २०२४ मध्ये स्पॅनिशची. त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण फ्रेंच शब्दांच्या याद्या डोक्यात असूनही फ्रेंचमध्ये संभाषण करता येत नाही, हेही त्यातून स्पष्ट दिसतं. आपल्या मुलांना भाषा हवी आहे. म्हणून माझा दुसरा नियम मी कधी सैल केला नाही.

त्याच कारणाने एक विनंती पालकांना. इंग्रजीत फुप्फुसाच्या एका आजाराला पंचेचाळीस अक्षरी नाव आहे, ते लहान मुलांकडून स्टेजवर म्हणवून घेऊ नका. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी ते केवळ लांबीसाठी रचलं. म्हणवून घ्यायचंच असेल तर आधी फोडून दाखवा. त्यात सूक्ष्मदर्शक आहे, सिलिका आहे, ज्वालामुखी आहे, धूळ आहे. आणि दगडखाणीत काम करणाऱ्यांना धुळीमुळे सिलिकोसिस होतो, हेही सांगा. मग त्या शब्दाला वजन येईल.

मोबाइलवर अक्षरं टाकली की शब्दांची यादी क्षणात येते. ती जरूर बघावी, पण वर्गाने आपले शब्द फळ्यावर मांडल्यानंतर. सुटलेले शब्द तेव्हा कायमचे लक्षात राहतात. आधी यादी उघडली तर शोधणं आणि ताडून बघणं दोन्ही जातं, आणि शिकणं त्यातच असतं.

मुख्याध्यापकांकडे माझं मागणं लहान आहे. आठवड्यात इंग्रजीचा एक तास या शोधाला द्या. त्याला परीक्षा नको, गुणपत्रिकेत नोंद नको. खडू आणि एक बरा शब्दकोश पुरे. मात्र त्या तासाला मराठीचे शिक्षकही वर्गात असू द्या. इंग्रजीच्या शिक्षकांनी 'इल्लीगल'शेजारी 'उल्लेख' लिहावा, मराठीच्या शिक्षकांनी संधी शिकवताना 'उल्लेख'शेजारी 'इल्लीगल' लिहावा. दोन्ही विषयांची भीती एकाच तासात कमी होईल.