बोगद्यातील धूर आणि काटकसरीचे धोरण

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या नगर जिल्ह्यात नारायणडोहजवळ आष्टी-अहमदनगर गाडीचे पाच डबे जळाले. जीवितहानी झाली नाही, कारण बाहेर मोकळे रान होते. प्रवासी उतरले, धूर आकाशात गेला. परंतु नाशिकमार्गे शिर्डीस येणारा भाविक कसारा घाटातील बोगद्यांतून येतो, आणि ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही मुंबईची मेट्रो जवळजवळ सर्व जमिनीखालून धावते. तेथे आग लागल्यास काय?

भुयारात ज्वाळेपेक्षा धूर अधिक बळी घेतो. धावती गाडी पिचकारीतील दट्ट्याप्रमाणे पुढची हवा लोटते, मागची ओढते, आणि धूर त्या हवेबरोबर जातो. मोठ्या पंख्यांनी धूर एका दिशेस रेटावा व प्रवाशांनी वाऱ्यास सामोरे चालत सुटावे, हा उपाय. दुसरी गाडी आत शिरली की तो वारा बिघडतो.

दक्षिण कोरियातील देगू येथे १८ फेब्रुवारी २००३ रोजी एका इसमाने गाडी पेटवली. तरीही समोरची गाडी स्थानकात आणली गेली. १९२ माणसे मेली, बहुसंख्य या दुसऱ्या गाडीतील. चालकांना तुरुंगवास झाला. मात्र डब्यांतील ज्वालाग्राही आसने त्यांनी निवडली नव्हती.

सबब गाड्या रोखण्याचा निर्विवाद अधिकार चालकांना व नियंत्रकांना द्यावा, पंख्यांच्या चाचण्यांचे अहवाल जाहीर करावेत, आणि ही कामे कंत्राटदारांवर सोडू नयेत. कार्यकर्त्यांनी या मागण्या आपापल्या संघटनांतून लावून धराव्यात.