कर्त्या लेकरांचा अभिमान आणि सातबारा

वऱ्हाडातील शेतकऱ्यास आपल्या कष्टाळू मुलाचा अभिमान नाही, असे कोणी म्हणणार नाही. धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापूस घेऊन आलेला वृद्ध गृहस्थ 'आता सारे वावर पोरगाच पाहतो' असे चारचौघांत सांगतो, तेव्हा त्याच्या मुद्रेवरील समाधान लपत नाही. परंतु त्या पोराचे नाव सातबाऱ्यावर आहे काय, असे विचारता बहुधा नकारार्थी उत्तर मिळते. आणि मुलीविषयी तर हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. हा अभिमान तोंडापुरता राहू नये, एवढेच आम्हांस आज आमच्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

पीककर्ज देणारी सोसायटी वा बँक माणसाचे कष्ट पाहत नाही. ती सातबारा पाहते. पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी आणि विक्री हे सारे पार पाडणारा पस्तिशीचा मुलगा तेथे परका ठरतो. बियाण्याच्या पिशवीपासून विहिरीवरील मोटारीपर्यंत प्रत्येक खर्चासाठी त्यास वडिलांपुढे हात पसरावा लागतो. त्यास आपण स्वावलंबी म्हणतो खरे. पण वस्तुतः तो घरचा बिनपगारी सालदारच होय.

याच जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे चरित्र वाचकांस ठाऊक आहे. वडील शामराव यांनी मुलाच्या विलायतेतील शिक्षणापायी कर्जाचा भार सोसला. मुलाने तेथे बॅरिस्टरी व डॉक्टरेट संपादन केली, मायदेशी परतून शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणास वाहून घेतले आणि पुढे तो देशाचा कृषिमंत्री झाला. शामरावांचा विश्वास नुसत्या कौतुकाचा नव्हता. त्यापायी त्यांनी झळ सोसली होती. शिकावयास जाणाऱ्या मुलासाठी बाप एवढे करतो, तर घरी राहून वावर पिकविणाऱ्या मुलासाठी त्याने हात का आखडावा?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, वाटणीने जमिनीचे तुकडे पडतात. ही भीती खोटी नाही. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा त्याचसाठी झाला. परंतु हिस्से नावावर झाले म्हणून वहिती वेगळी करावी लागते असे नाही. ज्यांची जमीन अगदी थोडी आहे, त्यांनी निदान हिशेबाची वही आणि विक्रीचा निर्णय तरी मुलाच्या स्वाधीन करावा. मोठ्या खातेदारांस १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमातील कलम ८५ अन्वये वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा मार्ग मोकळा आहे.

दुसरा आक्षेप असा की, जमीन गेली म्हणजे म्हातारपणी कोण विचारणार? हाही अनुभवाचा बोल आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली जमीन, ती अट मोडल्यास, रद्द करवून घेता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. तोंडी भरवशावर विसंबू नये.

मुलींच्या बाबतीत तर कायदा आपल्यापुढे गेला आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. असे असता, माहेरची शेती स्वतः कसणाऱ्या लेकीस 'मुलासारखी' म्हणून गौरवावयाचे आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यावयाची, हा गौरव नव्हे.

गुढीपाडव्यास आपण सालदाराचे साल ठरवितो. त्याचे श्रम आणि त्याचा मोबदला दोन्ही स्पष्ट बोलतो. जे गड्याशी बोलतो ते लेकराशी बोलावयास संकोच कसला? येत्या पाडव्यास कर्त्या मुलास वा मुलीस जवळ बसवून शेतीचे कागद उघडावेत आणि त्यांवर कोणाचे नाव केव्हा चढावयाचे, हे ठरवावे, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.